सातचा मिसकॉल

सोमवार, ३ नोव्हेंबर २०२५

माफ कर, वहीबाई. दिवाळीपासून तुला हात लावला नाही. लिहिण्यासारखं काही घडलंच नाही, असं म्हणणार होतो. पण तुझ्याशी खोटं बोलून काय मिळणार? घडलं, म्हणूनच लिहिलं नाही. लिहिलं की ते पक्कं होतं.

अंतर्गळ. डाव्या बाजूला. नवीन जालन्याच्या दवाखान्यात डॉक्टरनं बोटानं दाबून पाहिलं आणि हसत सांगितलं — "आजोबा, छोटं ऑपरेशन आहे." छोटंच असणार! कापायचं त्याला थोडंच आहे? तारीख दिली वीस, गुरुवार. एकोणीसला संध्याकाळी भरती व्हायचं. घड्याळ, फोन, दात — सगळं काढून घरच्यांच्या हवाली करायचं.

"शुद्धीवर कधी येतो माणूस?" मी विचारलं.

"तसा लगेच. पण तुमचं वय पाहता एक-दोन दिवस गुंगी राहील."

म्हणजे गुंगीतही ज्येष्ठ नागरिकांना सवलत. वा!

येताना गाडीत उषाबाई म्हणाली, "घाबरलात ना?" बायको असून असं विचारते. मी म्हटलं, मी कशाला घाबरू? तेवढ्यात बाटलीतलं पाणी शर्टावर सांडलं. रस्ता खराब आहे.

ऑपरेशनला मी घाबरत नाही. घाबरतो ते सातच्या मिसकॉलला. ते उद्या लिहितो. हात दुखला.


मंगळवार, ४ नोव्हेंबर

आधी आक्काचं लिहायला पाहिजे. थोरली बहीण. वय ऐंशी. राहायला आष्टीला, एकटी. स्वभाव माझ्यासारखाच, म्हणजे माझ्याहून वाईट.

आम्ही आठ वर्षं बोललो नाही. दाजी जालन्याला असेच "छोट्या ऑपरेशन"साठी गेले आणि परत आले ते ॲम्ब्युलन्समधून, पांढऱ्या चादरीत. मला कळलं भोकरदनच्या बाजारात, भलत्याच माणसाकडून. आष्टीला पोचलो तर सगळं उरकलेलं. माझं डोकं फिरलं. चारचौघांत म्हणालो, "एक फोन करायला कुणाला हात नव्हता का?"

आक्कानं रडणं थांबवलं. पदरानं तोंड पुसलं. "चारदा लावला. जल्मभर लोकांचे फोन जोडत हिंडलास, भुजंगा. तुझा सोताचा लागत न्हाई."

खरं होतं. तीस वर्षं टेलिफोन खात्यात लाईनमन होतो. शिक्षण सातवी, पण खांबावर चढायला माझ्याआधी कुणी नाही. आणि नेमका त्या दिवशी माझाच फोन बंद पडलेला. पण खरं असलं म्हणून काय झालं? माणसांत बोलायचं असतं का ते? तेव्हापासून मुद्दा एकच — आधी फोन कुणी करायचा. त्यावर आमचं दोघांचं एकमत आहे. समोरच्यानं.

मग लॉकडाऊन आला. सगळं बंद झालं त्याच आठवड्यात एक दिवस सकाळी सात वाजता तिचा मिसकॉल आला. उचलायच्या आत कट. मीही एक दिला आणि कट केला. तिनं परत एक दिला. पोच! आहेस का? आहे. बरं. त्या दिवसापासून रोज सकाळी सातला हेच चालू आहे. तिचा एक, माझा एक, तिचा एक. साडेपाच वर्षं. शब्द एकही नाही. सरकारी खात्यात इतका नियमित व्यवहार मी पाहिला नाही.

साडेसातपर्यंत तिचा आला नाही तर मी द्यायचा. नऊपर्यंत काहीच हालचाल नसली तर तिच्या शेजारणीला, बेबीनंदाला, फोन करायचा. हा माझा नियम. तिचा नियम काय, ते मला ठाऊक नव्हतं. तीन वर्षांपूर्वी माझा फोन हौदात पडला तेव्हा ठाऊक झालं. साडेअकराला दारात बेबीनंदाचा नवरा राधेश्याम, मोटरसायकलवर, तोंड धुळीनं भरलेलं. आष्टीहून आमच्या केदारखेड्याला! अख्खा जिल्हा या टोकापासून त्या टोकापर्यंत!

"काकूनी धाडलं. म्हणल्या, जिता हाय का पाहून ये. बोलू नको."

त्यानं मला खालून वर पाहिलं. चहा घेतला. निघून गेला. बोलला मात्र खरंच नाही. शब्दाला पक्का माणूस.

आता वीस तारखेचं पाहा. मी गुंगीत. फोन उषाबाईच्या पिशवीत. आक्काला उत्तर नाही. की आला राधेश्याम! घराला कुलूप. शेजारपाजारचे सांगणारच, ऑपरेशनला नेलं म्हणून. तो शब्द आक्काच्या कानावर गेला की संपलं. दाजींनंतर तिनं स्वतःचा मोतीबिंदू काढू दिला नाही. ब्लडप्रेशरची गोळी खाते ती. तिला काही झालं तर? आणि मलाच काही झालं तर तिला कोण सांगणार? परत बाजारातून कळायचं का?


बुधवार, ५ नोव्हेंबर

उषाबाईनं सोपा उपाय सांगितला. तिच्याकडे सगळ्यावर सोपा उपाय असतो. "दोन दिवस मी देते मिसकॉल. तिला काय कळतंय बोट कोणाचं हाय ते!"

मी म्हणालो, तो मिसकॉल म्हणजे माझं बोट हलतंय याचा निरोप आहे. तुझं बोट हलतंय हे आक्काला कळून काय करायचं?

"मंग बोला की तोंडानं! दोघांचे दात गेले, फुगणं जाईना."

उत्तर तयार होतं. पण दात वाटीत होते.


गुरुवार, ६ नोव्हेंबर

आमची नात तृप्ती दिवाळीला आली ती अजून इथेच आहे. नोकरी पुण्याच्या कंपनीत, काम आमच्या माडीवर. कानाला यंत्र लावून दिवसभर स्वतःशी बोलते. आधी उषाबाईला वाटलं, हिला बाहेरचं काही झालं.

आज शेंगा घेऊन वर गेलो. विचारलं, "तृप्ते, काम काय करतीस तू नेमकं?" चार वर्षांत पहिल्यांदा विचारलं. तिलाही नवल वाटलं.

ती म्हणाली, "आबा, दोन मशीन बोलायला लागल्या की आधी आपसात ठरवतात. एका दमात किती बोलायचं. उत्तराची वाट किती वेळ पाहायची. न्हाई आलं तर किती वेळा परत हाक मारायची, आणि समोरचा गेला असं कधी धरायचं. हे ठरलं की बोलणं सुरू. आमची टीम काय करते, तर बोलणं चालू असताना, मधे न तोडता, हे ठरलेलं बदलते."

"चालूमधे कशाला? तोडायचं, नवं ठरवायचं, परत जोडायचं. हाय काय त्यात?"

"तोडलं आणि समोरच्यानं परत उचललंच न्हाई तर?"

मी शेंगा सोलत बसलो. पाच-सहा तरी सोलल्या असतील. मग सगळं सांगून टाकलं. सातचं, आक्काचं, वीस तारखेचं. एवढी शिकलेली पोरगी, पोट धरून हसली. "तिचा एक, तुमचा एक, परत तिचा एक! आबा, अहो हे तर आमच्या मशीनीचंच! आम्हाला शिकायला चार वर्षं लागली."

म्हटलं, आम्हाला आठ लागली.

मग ती नीट बसली. म्हणाली, तुम्हाला काही तोडायचं नाही. फक्त वाट पाहायची मुदत वाढवून घ्यायची आहे. नव्या नियमाचा निरोप पाठवायचा. समोरून "मिळाला, मान्य" असं आलं की मगच तो लागू. तोवर दोघांनी जुन्याच नियमानं चालायचं. "एकानं नवा धरला आणि दुसरा जुन्यावरच राहिला, की बोंबललं सगळं."

निरोप पाठवायचा म्हणे! शब्द न बोलता! वर म्हणते, "इंटरेस्टिंग हाय, आबा." हिचं इंटरेस्टिंग, माझं आतडं.


शुक्रवार, ७ नोव्हेंबर

तृप्तीला वाटतं हे काम त्यांनीच शोधलं. पहाटेपासून आठवत होतं, आज तिला सांगितलंच. जुनी केबल सडली की नवी टाकायचो. पण लाईनवर कुणीतरी बोलत असायचं. मी कानाला रिसीव्हर लावून ऐकायचो, आवाज आला की तोडायचो नाही. नव्या तारांची जोडी जुनीला समांतर बांधायची. दोन्हींतून आवाज जातोय याची खात्री करायची. मग जुनी कापायची. बोलणाऱ्याला कानात एक "खट्" एवढंच. भोकरदनला एका बापाचं लेकीशी बोलणं चालू होतं, ती रडत होती. मी खांबावर, भर उन्हात. केबल बदलली तरी तिचं रडणं तुटू दिलं नाही.

"आबा, तुम्ही तर आमचे सिनियर!" तृप्ती म्हणाली. चेष्टा होती. पण बरं वाटलं.


शनिवार, ८ नोव्हेंबर

सुरुवात केली. माझी योजना अशी. उत्तराला रोज थोडा थोडा उशीर करायचा. आक्काला वाट पाहायची सवय लागली की वीस तारखेपर्यंत ती दोन दिवस गप बसेल. आज सव्वासातला उत्तर दिलं. पोच लगेच आली. छान.

पोरगा आदिनाथ जालन्यात बियाण्याच्या कंपनीत आहे, तिथंच राहतो. त्याला दोन मिसकॉल दिले, त्यानं फोन लावला. एकोणीसची गाडी ठरवायला सांगितलं.


रविवार, ९ नोव्हेंबर

पाऊण तास उशीर केला. मधल्या वेळात आक्काचे दोन मिसकॉल. मी फोन हातात धरून बसलेलो. बोट शिवशिवत होतं. दिलं नाही. पावणेआठला दिला. पोच आली, पण जरा उशिरानं. फुगली असणार.


सोमवार, १० नोव्हेंबर

दीड तास. तिचे मिसकॉल पाच! तृप्तीला दाखवले. तिच्या मशीनी म्हणे उत्तर आलं नाही की परत हाक मारतात, मग आधीपेक्षा जास्त थांबून परत, मग त्याहून जास्त थांबून. आमच्या आक्काचं उलटं आहे. पहिल्या दोन हाकांत वीस मिनिटं. शेवटच्या दोन हाकांत दोन. मशीनला राग येत नाही, हा तिच्यातला मोठा दोष.


मंगळवार, ११ नोव्हेंबर

दोन तास लांबवलं. नऊला तीन मिनिटं कमी असताना बेबीनंदाचा फोन.

"मामा, बरं हाय ना?"

"मला काय धाड भरली? का?"

"काकू विचारत न्हाईत. पण विचारून राह्यल्या."

"म्हणजे कसं?"

"म्हणजे माझ्या दारात येऊन उभ्या. म्हणल्या, तुला कोणाला फोन लावायचा असंल तर लाव, मी कुठं न्हाई म्हणून राह्यले!"

म्हटलं, तिला सांग, सगळं बराबर हाय.

"मी न्हाई सांगत, बाप्पा. त्या म्हणतील, तुला कोणी विचारलं?" मग म्हणाली, "आन् मामा, शनिवारपासून आम्ही दोघं न्हाई बरं का. भावाचं लगीन हाय सेलूला. बुधवारी येऊ. तवर तुमचं तुम्ही पाहा."

आमचं आम्ही पाहा! ते जमलं असतं तर तुला कशाला मधे घेतलं असतं, बाई?


बुधवार, १२ नोव्हेंबर

आज बरोबर सातला दिला. पोच दुसऱ्या सेकंदाला आली. बोट तयार ठेवूनच बसली होती म्हातारी. दिवसभर दुसरं काही सुचलं नाही.


गुरुवार, १३ नोव्हेंबर

मुदत ताणून वाढत नाही, हे सिद्ध झालं. नवी खूण पाहिजे. विचार करून ठरवलं — एक मिसकॉल म्हणजे रोजचं. लागोपाठ दोन म्हणजे "उद्या सुट्टी, वाट पाहू नको." तिनं उलट दोन दिले की मान्य. किती सोपं!

तृप्तीला सांगितलं तर तिनं नाक मुरडलं. "आबा, दोनचा अर्थ हाच हाय, हे आत्याआजीला कसं कळणार? आमच्याकडं प्रत्येक निरोपावर लिहिलेलं असतं, हा नियमाचा निरोप, हा नेहमीचा."

"मिसकॉलवर कुठं लिहू? खडूनं?"

"मी म्हणते फोन करा सरळ."

सगळ्या घराला एकच औषध ठाऊक. आठ वर्षं मी काय गंमत म्हणून गप बसलो?

आक्काला कळेल. लहानपणी नदीच्या पल्याडून नुसता हात हलवला तरी तिला कळायचं की मला भूक लागली का मार बसला.


शनिवार, १५ नोव्हेंबर

शर्टाची दोन बटणं लावून घेतली. दवाखान्यात शर्ट काढायलाच लावतात, असं उषाबाई म्हणाली. असू दे. न्यायला तरी नीट पाहिजे. आणायला कसाही चालेल.

हे खोडणार होतो. राहू दे.


रविवार, १६ नोव्हेंबर

आज चाचणी. सातला नेहमीचं झालं. तिचा, माझा, तिचा. मग मी लागोपाठ दोन दिले. छाती अशी धडधडत होती, जसा काही स्थळाला होकार कळवतोय.

एक मिनिट. दोन मिनिटं. तिचा एक. आणि लगेच दुसरा!

दोनाला दोन! मान्य! मी माडीच्या जिन्यात उभा राहून ओरडलो, "तृप्ते! तुमच्या कंपनीला म्हणावं, काही शिकायचं असलं तर आष्टीला या!" ती केस विंचरत बाहेर आली. म्हणाली, "आबा, तिनं मान्य केलं का नुसता तुमचा आवाज परत फिरला?"

ह्या पोरीला नोकरी विरजण घालायची मिळायला पाहिजे होती.


सोमवार, १७ नोव्हेंबर

सुट्टीचा दिवस. ठरल्याप्रमाणे मी काही दिलं नाही.

सातला तिचा एक आला. सवयीनं दिला असेल. सव्वासातला दोन आले. आठला दोन. साडेआठला परत दोन. हे कशाला, कळेना. "सुट्टी लक्षात आहे" असं सांगत असेल! मग शांत.

बारा वाजेपर्यंत रस्त्याकडे तोंड करून बसलो. राधेश्याम आला नाही! म्हणजे नियम लागू झाला. वीसला बिनघोर गुंगीत जायला मोकळा.

संध्याकाळी मात्र वाटलं, जरा बी काळजी वाटली नाही हिला? माणूस सुट्टी म्हणाला, की दिली सुट्टी?


मंगळवार, १८ नोव्हेंबर

आज सातला तिचा आला नाही.

साडेसातला मी एक दिला. काही नाही. आठला एक. काही नाही. बेबीनंदाला लावला तर तिकडं बँडबाजा. "मामा, ऐकू येईना! आम्ही सेलूला हावोत! राधेश्यामबी इथंच हायेत, नाचून राह्यलेत!"

तेव्हा लक्षात आलं. काल राधेश्याम आला नाही, तो नियम मान्य झाला म्हणून नाही. तो लग्नात होता. तिच्याकडं पाठवायला कुणी उरलंच नव्हतं!

वर गेलो. तृप्ती कामात होती. तिनं कानातलं काढलं. म्हणाली, "आबा, एक सांगा. तुम्ही बाबाला दोन मिसकॉल देता तेव्हा त्याचा अर्थ काय?"

"की फोन लाव."

"आजीनं माहेरी दोन दिले तर?"

"फोन लावा."

"अन् अख्ख्या जिल्ह्यात कोणीबी कोणाला दोन दिले तर?"

मी जिन्यावर बसलो. काय केलं मी! साडेपाच वर्षांत पहिल्यांदा मी तिला म्हणालो, आक्का, फोन कर. तिनं उत्तर दिलं, तू कर. तिला वाटलं असेल, आठ वर्षांनी भुजंगाला बोलायचंय. सोमवारी तिनं तीनदा सांगितलं — तू कर, तू कर, तू कर. आणि मी इथं बाकावर बसून सुट्टी साजरी करत होतो!

मी खांबावर चढून लोकांच्या तारा बदलल्या. आधी नवी जोडायची, मग जुनी कापायची. हे मला झोपेत विचारलं तरी येतं. आणि बहिणीच्या वेळी नवी कुठं जोडली ते न पाहताच जुनी कापून मोकळा!

तृप्ती खाली येऊन शेजारी बसली. चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं. भांडता आलं असतं.


बुधवार, १९ नोव्हेंबर

सातला तिचा नाही.

मग ठरवलं. फोन करायचा. तोंडानं. उषाबाईला आणि तृप्तीला बाहेर पाठवलं. दात लावले. घसा साफ केला. ऐनवेळी काही सुचत नाही म्हणून कागदावर लिहून घेतलं, "आक्का, मी भुजंग." पुढं काय लिहायचं? ऑपरेशन म्हणायचं नाही. बरा आहे म्हणायचं नाही, लबाडी होईल. मग लिहिलं, "तू बोल."

लावला. रिंग गेली. मी आठ वर्षांत तिची रिंग एवढा वेळ वाजताना ऐकली नव्हती. वाजत राहिली. आपोआप कट झाली. परत लावला. परत. चारदा लावला. चौथ्यांदा कट झाल्यावर दाजींच्या दिवशीचं तिचं बोलणं आठवलं आणि मी फोन पालथा घातला.

उषाबाई दाराशीच होती. बाहेर गेलीच नव्हती. म्हणाली, "रुसली असंल. दोन दिवसांनी उचलंल."

दोन दिवसांनी उचलेल. कुणाचा? माझे दोन दिवस कुठं माझ्याजवळ आहेत?

आदिनाथ गाडी घेऊन आलाय. घाई करतोय, "बाबा, जल्दी करा." त्याला सांगितलं, आष्टीला जाऊन आक्काला पाहून ये. म्हणाला, "बाबा, उद्या तुमचं उरकलं की लगेच जातो." उरकलं की! शब्द तरी बघून वापरावा माणसानं.


बुधवार, संध्याकाळ, दवाखाना

भरती झालो. उषाबाई, तृप्ती सोबत आहेत. हातात प्लास्टिकचं कडं बांधलं, त्यावर माझं नाव चुकीचं. भुजंगचं भुजंगी केलंय. नर्सला सांगितलं तर म्हणाली, "आजोबा, नंबर बरोबर आहे ना, मग झालं." म्हणजे मेलो तर भुजंगी मरेल.

कुठं कुठं सह्या केल्या. एका कागदावर लिहिलं होतं, काही बरंवाईट झालं तर कोणाला कळवायचं. आदिनाथनं स्वतःचं नाव लिहिलं. मी कागद ओढून घेतला आणि खाली आक्काचा नंबर लिहिला. नर्स म्हणाली, "एकच नाव पाहिजे." मी म्हटलं, जागा रिकामी आहे ना? मग लिहू द्या.

फोन उषाबाईच्या पिशवीत गेला. तिला सांगितलं, आवाज मोठा ठेव. वही मी दिली नाही, उशीखाली आहे.


गुरुवार, २० नोव्हेंबर

सात वाजून दहा मिनिटं. आठला नेणार आहेत. पिशवीत फोन वाजला. मी उठून बसलो, दुखलं. बेबीनंदा. रात्रीच सेलूहून परत आली. "मामा, काकू सहाच्या गाडीनं निघाल्या, तुमच्याकडं. एकट्या! चावी मला दिली. फोन पेटीत कुलपात ठेवला, परवापासून तिथंच हाय म्हणं. मी म्हणलं, घेऊन तरी जा. तर म्हणल्या, त्यो म्हणतो तू कर, मी म्हणते तू कर, आता त्याच्या तोंडासमोरच बसून बोलते."

गाडी बदलायला ती जालन्याच्या स्टँडवर उतरणार. साडेआठ-नऊला. इथून मैलभरावर. मी तेव्हा टेबलावर असेन. आदिनाथ आणि तृप्ती स्टँडवर पळालेत, दोघं दोन फाटकांवर उभे राहणार. आदिनाथ ओळखेल, पण तृप्तीनं तिला शेवटचं पाहिलं तेव्हा पोरगी सोळा वर्षांची होती. ओळखणार कशी? सांगितलंय, कपाळावर हिरवं गोंदण, एका डोळ्यात मोतीबिंदू, आणि कंडक्टरशी भांडत उतरेल.

सापडली की मला लगेच कळवा. शुद्धीवर यायची वाट पाहू नका. गुंगीत असलो तरी कानात सांगा.